बांधविणारा, बांधणारा आणि पिणारा

शहराच्या कडेला नवीं घरें बांधणाऱ्या सुखवस्तु मंडळींत परसदारीं पोहण्याचा एक हौद असावा अशी हौस अलीकडे वाढीस लागली आहे. कंत्राटदार येतो, फीत टाकून जागा मोजतो, निळ्या फरशांचे नमुने ओटीवर मांडतो, आणि घरधनी त्याला तीन प्रश्न विचारतो : खर्च किती, दिवस किती, आणि गळणार तर नाहीं ना? हे तिन्ही प्रश्न फार जुने आहेत. पाण्याचा सांठा बांधवून घेणाऱ्या प्रत्येकानें, मग तो पेशवा असो कीं पेठेंतला सावकार, ते कोणत्या तरी रूपांत विचारलेच असले पाहिजेत. चौथा एक प्रश्न मात्र करारांत सहसा येत नाहीं : बांधून झाल्यावर या पाण्याला हात कोण लावणार? आपल्याकडील हौद-तळ्यांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें दगडचुन्यांत सांपडतात. चौथ्याचें उत्तर शोधण्यास माणसांकडे जावें लागतें.

हा प्रश्न मनांत घोळूं लागला तो नंदुरबार जिल्ह्यांतील धडगांवच्या निमित्तानें. सातपुड्याच्या घड्यांत वसलेल्या या गांवाच्या तालुक्याला सरकारी कागदांत अक्राणी म्हणतात. उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल लोकांची, घरें एकाला एक लागून नव्हेत, तर टेकडीटेकडीवर विखुरलेलीं. उन्हाळ्यांत अंगणाअंगणांतून कच्च्या आंब्याच्या फोडी आमचुरासाठीं वाळत पडलेल्या असतात. या अंगणांत पोहण्याचा हौद ही कल्पनाच थट्टेची वाटेल. परंतु पाणी बांधण्याची विद्या या डोंगरांना परकी नाहीं. परका आहे तो कंत्राटदार. त्याच्यावांचून येथें पाणी कसें बांधीत आले, याचें महत्त्व ध्यानीं यावयाचें तर प्रथम घाटमाथ्यावर आणि देशावर हा मधला माणूस कसा उभा राहिला, तें पाहिलें पाहिजे.

आरंभीं शब्दांकडे पाहूं. तळें, विहीर, कुंड, पुष्करणी हे शब्द आपले जुने. 'हौद' अरबींतून आला, 'मक्ता'ही अरबींतूनच. मक्ता म्हणजे मुळांत ठराविक रकमेवर वसुली तोडून देणें; पुढें तो ठराविक रकमेवर काम तोडून देण्यासही लागूं पडला. 'कंत्राट' युरोपीयांबरोबर आलें. शब्दांच्या या क्रमांत राजवटींचा क्रम तर आहेच, पण दुसरेंही कांहीं आहे. जुन्या शब्दांच्या काळीं जलाशय बांधणें हें पुण्यकर्म, 'पूर्त' होतें. धर्मशास्त्रांत त्याचा एक सुंदर विधि सांगितला आहे. तळें बांधून झालें कीं यजमानानें त्याचा 'उत्सर्ग' करावयाचा, म्हणजे त्यावरील आपलें स्वामित्व सोडून तें सर्व भूतमात्रांसाठीं मोकळें करावयाचें. विधि सुंदर, परंतु व्यवहार असा कीं या भूतमात्रांत गुरें आलीं, पक्षी आले, वाटसरू आले. महार-मांग मात्र कांठावर उभे राहून कोणी ओंजळींत पाणी घालील काय, याची वाट पाहत राहिले. उत्सर्गाचा संकल्प सांगणाऱ्यांपैकीं किती जणांना ही विसंगति टोंचली असेल, कोण जाणे.

साताऱ्याजवळ लिंब येथें बारा मोटांची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनीं शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळांत ती बांधविली. सुमारें शंभर फुटांहून अधिक खोल, अष्टकोनी, आणि मोटेच्या थारोळ्यांच्या मधोमध बसावयास चक्क एक महाल! आमराईला पाणी देण्यासाठीं केलेलें हें काम पाहून मन थक्क होतें. बांधविणारीचें नांव शिलालेखानें राखलें आहे. ज्यांनीं तो काळा दगड फोडला, घडला आणि इतक्या खोल जाऊन ओळंब्यांत बसविला, त्यांपैकीं एकाचेंही नांव आज कोणाच्या तोंडीं नाहीं. त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. जगांतील बहुतेक वास्तूंची हीच गत आहे.

पुण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजला तलाव बांधून तेथून शहरांत पाणी आणलें. वरच्या तलावांत गाळ बसावा आणि निवळलेलें पाणी खालच्यांत उतरावें, अशी योजना. तेथून जमिनीखालून माणूस चालत जाऊं शकेल एवढा बांधीव नळ काढला आणि वाटेंत ठिकठिकाणीं 'उच्छ्वास' ठेवले, म्हणजे हवा कोंडूं नये आणि गाळ काढावयास आंत उतरतां यावें. पंप नाहीं, यंत्र नाहीं. केवळ उताराच्या बळावर पाणी शनिवारवाड्यांत आणि पेठांतील हौदांत येऊन पडे. वाड्यांतलें हजारी कारंजें उडे तेंही अशा उताराच्याच जोरावर. सरदार-सावकारांच्या वाड्यांतून हौद आले, आणि पाण्याचा हौद हें घरंदाजपणाचें लक्षण ठरलें. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें पुणेकरांच्या तोंडीं राहिलीं.

असा हौद गळूं नये म्हणून काय करीत, हें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कारण कारागिराची खरी कसोटी तेथेंच. साधा चुना हवेंतील कर्बाम्ल वायु घेऊन घट्ट होतो. म्हणून पाण्याखालीं तो मऊच राहावयाचा. त्यांत भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली कीं ती चुन्याशीं संयोग पावते आणि ओलाव्यांतही तो दगडासारखा कठीण होतो. हें रसायन आमच्या गवंड्यांना पुस्तकांतून कळलें नव्हतें. हातांना कळलें होतें. दगडी चाकाच्या घाणींत बैल फिरवून चुना दिवसचे दिवस मळीत. कोणी त्यांत गुळाचें पाणी घाली, कोणी बेलफळाचा गीर. विरलेला चुना जितका मुरेल तितका चांगला, अशी समजूत असे, आणि ती खरीही होती. घाई करणाऱ्या धन्याचा हौद पहिल्याच पावसाळ्यानंतर पाझरूं लागे. १९१४ सालीं पोरबंदरच्या कारखान्यांतून सिमेंट निघूं लागलें आणि पुढें हळूहळू घाणी बंद पडल्या. परंतु घाई करणारे धनी अद्याप शिल्लक आहेत.

खणण्याचें काम वडारांचें आणि बेलदारांचें, घडण्याचें पाथरवटांचें, बांधण्याचें गवंड्यांचें. मातीच्या खोदकामाची मजुरी मापावर. खोली किती झाली याबद्दल तंटा होऊं नये म्हणून खड्ड्याच्या मध्यें मातीचा एक खुंट न खणतां ठेवीत. त्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत दोरी धरली कीं काम उघड होई. पैसे चुकते झाले म्हणजे तो खुंटही खणून टाकीत. मला या मातीच्या मुक्या साक्षीदाराचें मोठें कौतुक वाटतें. लिहितां न येणाऱ्या मजुराच्या बाजूनें एवढा एकच दस्तऐवज बोले, आणि तोही हिशेब मिटतांच नाहींसा होई.

पुढें इंग्रजी अमलांत १८५४ सालीं सार्वजनिक बांधकामाचें स्वतंत्र खातें उभें राहिलें. त्याच वर्षीं या खात्याला हाताखालचे नोकर मिळावेत म्हणून पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग निघाला. आजचें प्रसिद्ध अभियांत्रिकी विद्यालय त्यांतूनच वाढलें. रस्ते, पूल, कालवे, आगगाडी यांचीं कामें भराभर निघालीं. नकाशा साहेबाचा, अंदाजपत्रक कारकुनाचें, निविदा कंत्राटदाराची, घाम मजुराचा, अशी वांटणी झाली. बांधविणारा आणि बांधणारा यांच्यामध्यें पूर्वीं मुकादम होता. आतां तेथें अनामत रक्कम भरणारा, मापवहीवर सही घेणारा, भांडवलवाला माणूस आला. त्याच्याविषयीं समाजाचें मत तेव्हांही फारसें चांगलें नव्हतें. परंतु या मंडळींतच एक कंत्राटदार असा निघाला कीं त्याच्या घरच्या हौदानें आपल्या चौथ्या प्रश्नाचें उत्तर सर्वांच्या आधीं दिलें. ते गृहस्थ म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

शाळा काढणारे आणि 'गुलामगिरी' लिहिणारे जोतीराव सर्वांना ठाऊक आहेत. कंत्राटदार जोतीराव पुष्कळांना ठाऊक नसतात. लोकांच्या वर्गणीवर किंवा दक्षिणेवर पोट न भरतां त्यांनीं व्यापार केला. पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या संस्थेच्या द्वारें ते कामें घेत, माल पुरवीत. खडकवासल्याचें धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा कामांशीं त्यांचें नांव जोडलेलें आहे. खडकवासल्याचें काम फाइफ या इंजिनियराच्या योजनेनें एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन १८७९ च्या सुमारास पुरें झालें. म्हणजे दगडाचा भाव काय, चुन्याला किती दिवस मुरूं द्यावें, मजुराच्या हातांत मजुरीपैकीं खरें किती पडतें, हें त्यांना दुसऱ्याकडून ऐकावें लागत नव्हतें.

१८६८ सालीं त्यांनीं आपल्या राहत्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चरित्रकार ही गोष्ट एका ओळींत सांगून पुढें जातात. माझ्या मतें तिथें थोडें थांबावयास हवें. नगरपालिकेचा हौद खुला करा, असा अर्ज करणें ही एक गोष्ट. आपल्या अंगणांतला हौद खुला करणें ही अगदीं दुसरी. अर्ज फेटाळला गेला तर अर्जदाराच्या घरांत कांहीं बदलत नाहीं. परंतु घरच्या हौदाचें पाणी स्वयंपाकाला जातें, पाहुण्याच्या तांब्यांत जातें. ज्या हौदांत महाराची घागर बुडाली त्या हौदाचें पाणी घेणारें सारें घर त्या काळच्या नजरेनें विटाळलेलें. मग त्या घरीं सोयरिकीला, जेवणाला, पाणी प्यावयालाही कोण येणार? मुलींच्या शाळेपायीं १८४९ सालीं जोतीराव-सावित्रीबाईंना वडिलांचें घर सोडावें लागलें होतें. समाजाची किंमत वसूल करण्याची रीत त्यांना चांगली ठाऊक होती, आणि तरी त्यांनीं झांकण उघडलें. धर्मशास्त्रानें सांगितलेला उत्सर्ग शब्दशः कोणी केला असेल तर तो या गृहस्थानें. आणि तो त्यानें कोणत्याही मंत्रावांचून केला.

याच अनुभवांतून आलेला एक विचार त्यांच्या १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत आहे. शेतकऱ्याच्या दैन्यावर उपाय सांगतांना ते पाण्याकडे वळतात. वळवाचें पाणी शेतांतून मुरून मग नदीनाल्यास मिळावें अशा बेतानें जागोजाग लहान बंधारे घालावेत. पाणाड्यांकडून गांवोगांवच्या जमिनींतील झरे शोधून ते नकाशावर मांडावेत. सरकारी मदतीवांचून विहीर खणणाऱ्याला बक्षीस द्यावें. आणि कालव्याचें पाणी प्रत्येकाला त्याच्या जमिनीच्या मानानें मिळावें म्हणून नळाला तोट्या कराव्यात, अशा त्यांच्या सूचना आहेत. आज पाणलोट क्षेत्राच्या योजना आंखणारे तज्ज्ञ याहून फारसें निराळें सांगत नाहींत. पण माझें लक्ष वेधतें तें दुसऱ्याच गोष्टीकडे. हे बंधारे कोणी घालावयाचे? तर लष्करांत आणि पोलिसांत रिकामे असलेल्या शिपायांनीं. स्वतः कंत्राटदार असलेल्या या माणसानें या कामासाठीं कंत्राटदार सुचविला नाहीं! त्याला आंतली बाजू ठाऊक होती, एवढेंच यावरून मी समजतों.

जोतीरावांच्या हौदापासून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत जावयास एकोणसाठ वर्षें लागलीं. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत असा त्याचा आशय. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें त्याला अनुसरून ठराव केला, पण तळ्यावर जाण्याची सोय कागदावरच राहिली. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर दहा वर्षें दावा चालला. वादींचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या तळ्यावर स्पृश्यांचाच परंपरागत हक्क आहे. म्हणजे आळीचें तळें हें आळींतल्या लोकांचें जणूं परसच! अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाहीं, असा निर्णय मुंबईच्या हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं दिला. आणि केवळ आमच्या जुन्या समाजालाच दोष द्यावा असेंही नाहीं. मुंबईच्या ब्रीच कँडीवर अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा पोहण्याचा तलाव आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावरही कांहीं वर्षें त्यांत हिंदी माणसाला उतरूं देत नसत. हिंदुस्थानच्या आकारांत पोहावें आणि हिंदी माणसाला बाहेर ठेवावें, असा विनोद एखाद्या प्रहसनकारालाही सुचला नसता.

आतां पुन्हा धडगांवच्या डोंगरांकडे. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील भिल्ल-पावऱ्यांची पाण्याची जुनी रीत म्हणजे पाट. पलीकडच्या तीरावर अलीराजपूर भागांत भिताडा गांवच्या पाटाचें वर्णन दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनें १९९७ सालीं देशांतील पारंपरिक जलव्यवस्थांवर काढलेल्या ग्रंथांत आहे. वाहत्या ओढ्याला आडवा दगडांचा बांध घालतात. फटी बुजवावयास सागाचीं पानें आणि चिखल. घाणी नाहीं, सुरखी नाहीं. बांधाच्या कडेनें पाट काढून तो डोंगराच्या अंगानें नेतात, आणि त्याचा उतार ओढ्याच्या उतारापेक्षां किंचित् कमी ठेवतात. ओढा झपाझप खालीं जातो, पाट सावकाश. त्यामुळें कांहीं अंतर गेल्यावर पाटाचें पाणी ओढ्याच्या पुष्कळ वर आलेलें असतें, आणि जेथें पाणी चढणें अशक्य वाटतें त्या शेतांत तें जाऊन पडतें. पाणी डोंगर चढत आहे असा प्रथम पाहणाऱ्याला भास होतो. वाटेंत नाला आडवा आला तर दगडांचा आधार रचून पाट त्याच्यावरून पार करतात. पातळी मोजण्याचें यंत्र यांतल्या कोणाजवळ नसतें. पाणी स्वतःच पुढें जाऊन सांगतें कीं उतार बरोबर आहे किंवा नाहीं.

दर पावसाळ्यांत पूर बांध घेऊन जातो, आणि पाऊस सरला कीं तो पुन्हा घालावा लागतो. या कामाला मजुरी नाहीं. एकमेकांच्या कामाला जाण्याची 'लाह' नांवाची चाल या डोंगरांत आहे. आज मी तुझ्याकडे, उद्यां तूं माझ्याकडे. पाटाच्या दुरुस्तीला पाण्याची गरज असलेल्या घरांतील माणसें येतात आणि पाळीपाळीनें पाणी घेतात. येथें बांधविणारा, बांधणारा आणि पिणारा हीं तीन निराळीं माणसें नाहींत. म्हणूनच मापाचा खुंट नाहीं, इसार नाहीं, आणि पाण्याला हात कोणी लावावयाचा हा प्रश्न विचारण्याचा प्रसंगही नाहीं. या रीतीचें स्वप्नाळू वर्णन करण्याचा माझा हेतु नाहीं. सागाच्या पानांचा बांध एक पावसाळाही टिकत नाहीं. वर्षानुवर्षें तेंच काम पुन्हा करणें हें कष्टाचें आणि कंटाळवाणें आहे, आणि ओढा आटला कीं पाटही आटतो.

परंतु याच संवयीनें एकदां मोठें काम केलें. धडगांव तालुक्यांत उदई नदीच्या कांठीं बिलगांव आहे. तेथें धबधबा आहे. केरळांतील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी या संस्थेच्या अभियंत्यांनीं योजना आंखली, आणि गांवकऱ्यांनीं श्रमदानानें दगड वाहून धबधब्याच्या वर बांध घातला, पाण्याला वाट काढली, पंधरा किलोवॅटचें जनित्र बसविलें. २००३ च्या आरंभीं बिलगांवच्या पाड्यांत दिवे लागले. 'स्वदेस' या चित्रपटांतील विजेच्या प्रसंगाला याच प्रयोगाची प्रेरणा होती असें सांगतात. कंत्राटदार नसल्यामुळें गळतीबद्दल दोष द्यावयास दुसरें कोणी नव्हतें. ती आपणच बुजवावयाची होती.

त्याच काळीं नर्मदेवर, गुजरातेंत, दुसरें एक काम चाललें होतें. ५ एप्रिल १९६१ रोजीं पंडित नेहरूंनीं पाया घातलेलें सरदार सरोवराचें धरण टप्प्याटप्प्यानें उंच होत होतें. शेवटची ठरलेली उंची १३८.६८ मीटर. त्याच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतील तेहतीस गांवें पूर्णतः किंवा अंशतः जाणार होतीं. नऊ अक्कलकुव्याचीं आणि चोवीस याच अक्राणी तालुक्याचीं. १९९३ सालीं अक्कलकुव्यांतील मणिबेलीपासून बुडण्यास आरंभ झाला होता. हें पाणी शेकडों कोस दूर कच्छ-सौराष्ट्रापर्यंत तहान भागविण्यास जावयाचें होतें, आणि तेथील तहान खोटी नव्हती. पण बांधविणारा, बांधणारा आणि पिणारा यांच्याखेरीज चौथें एक माणूस या हिशेबांत आलें : ज्याच्या अंगणांत तें पाणी सांठलें, तें.

२००६ च्या पावसाळ्यांत पूर आला, धरणाचें फुगलेलें पाणी उदईच्या खोऱ्यांतून मागें चढलें, आणि बिलगांवचें यंत्रघर, बांधल्यापासून चौथ्या वर्षीं, त्याखालीं गेलें.